स्वातीच्या नावापुढं पकडी नव्हत्या

मंडळी, मी कबड्डीच्या सामन्यांचे गुण लिहितो. आज दुपारी सांगलीत मुलींच्या जिल्हा संघाची निवड झाली आणि कुपवाडची स्वाती वगळली गेली. तिचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं.

समितीसमोर माझीच गुणपत्रकं होती. स्वातीच्या नावापुढं अख्ख्या मोसमात जेमतेम दोन-चार पकडी. तिच्याशेजारी कोपऱ्यात खेळणाऱ्या मुलीच्या ढीगभर, म्हणून ती संघात आली.

पण मी प्रत्येक सामना बघितलाय. आत सरकून चढाई करणारीला कोपऱ्याकडं रेटायची स्वाती. शेजारणीनं पाय धरला की परतीची वाट अडवायची तीही स्वातीच. पत्रकात मात्र एका पकडीपुढं एकच नाव बसतं. मी ते लिहीत गेलो.

समितीला हे सांगितलं, तर एक जण म्हणाले, "आवं, खरं असंल. पण लिवलंय कुठं?"

मी पत्रकं गोळा केली.

बाहेर स्वाती बूट पिशवीत भरत होती. "काका, तुमी तर बघत हुता न्हवं?"

"व्हय गं," मी म्हणालो.

तेवढ्यात तिचे वडील कारखान्याच्या कपड्यांतच गाडीवरून आले. निकाल ऐकून म्हणाले, "आमच्यात पॅकिंगला जागा हाय. सोमवारपास्नं ये." तिनं मान हलवली आणि मागं बसली.

उद्या मुलांची निवड आहे. पत्रकं पुन्हा माझीच. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मला खरंच सुचत नाहीये.