तुला वाळवंट

कुणाला पुस्तक सुचवण्याआधी म्हात्रे मॅडम त्या माणसाची चौकशी करायच्या. डोंबिवलीच्या एका क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवायला लागले, तेव्हा त्या तिथे गणित शिकवत होत्या. पहिल्याच आठवड्यात डबा खाताना त्यांनी विचारलं, तापात लहानपणी काय दिसायचं, उंचीची भीती वाटते का, पाण्याची? पाण्याची वाटते, असं मी सांगितलं. माझा धाकटा भाऊ शहाडला नदीत बुडाला, हेही बोलून गेले. एरवी मी ते कुणाला सांगत नाही. त्यांनी सांत्वन वगैरे केलं नाही. तोंडातला घास संपवून म्हणाल्या, "तुला वाळवंट."

दुसऱ्या दिवशी एक जाडजूड कादंबरी हातात आली. वाळूखाली गाडलेलं शहर, आणि ते शोधत निघालेली एक चोरटी मुलगी. ती वाचताना मी घरी दोनदा दूध उतू घालवलं.

मॅडम कळव्याच्या, जुन्या आगरी घरातल्या. आजोबांची मिठागरं होती. आता त्या जागेवरच्या टॉवरमध्ये यांचे फ्लॅट. पगाराची गरज नव्हती, गणित आवडायचं म्हणून यायच्या. आणि साहसाच्या, जादूच्या कादंबऱ्यांचं विलक्षण वेड. "ड्रॅगन सगळ्यांना झेपत नाय," म्हणायच्या. किंवा, "पुस्तकात पुढंच नकाशा असला ना, की कुकर लावून बसायचं नाय." अशी चार वर्षं मी त्यांची एकुलती एक वाचक होते. निदान मला तसं वाटायचं.

मग बायोलॉजीला रश्मी आली. नवीन, बडबडी मुलगी. पंधरा दिवसांत मॅडमनी तिला पाच भागांची एक मालिका वाचायला दिली. मी ती कितीदा मागितली होती, आणि प्रत्येक वेळी "तुझ्यासाठी नाय ती" एवढंच ऐकलं होतं. आता दोघी डबा खाताना कुठल्याशा राज्यांची नावं घ्यायच्या, हसायच्या. मी पेपर तपासत बसायचे. पोटात इतकं दुखायचं, की रश्मीने आणलेली पुरणपोळीसुद्धा मला कोरडी लागली.

शेवटी ठाण्याला जाऊन मी पहिले तीन भाग विकत आणले आणि गुपचूप वाचले. तिसऱ्या भागाच्या शेवटी नायिकेच्या भावाची होडी नदीत उलटते. ती काठावर बसून राहते. पुढची पानं मला वाचवेनात.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मॅडमनी माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "वाचलंस ना?"

मी मान हलवली. "मला वाटलं, रश्मी तुम्हाला जास्त आवडते."

"आवडते की. पण तिचं काय बुडालेलं नाय." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "चौथा एकटीनं वाचू नको."

त्यानंतर रोज दुपारची बॅच सुटली, की रिकाम्या वर्गात त्या मला चौथा भाग वाचून दाखवायच्या. काठावरची ती मुलगी हळूहळू उठते, त्या प्रकरणाला दोघीही थांबलो. मॅडमनी चष्मा पुसला. तेवढ्यात रश्मी दारात डोकावली. मॅडम तिला म्हणाल्या, "आता नको गं." माझे डोळे भरलेले होते, तरी ते ऐकून मला भारी बरं वाटलं.

आता मॅडम अलिबागला मुलीकडे राहतात. तिथे त्यांनी बायकांचा वाचनगट सुरू केलाय. दर महिन्याला फोटो पाठवतात. मी "छान" असं लिहिते, आणि मग फोटो मोठा करून बघते, कुणाच्या हातात काय दिलंय.