उताराचं बटण

एसटीची पहिली पायरी किती उंच असावी हे ज्या माणसानं ठरवलं, त्याचे दोन्ही पाय धड असणार. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. जागेवर आहे, पण भार घेत नाही. त्यामुळे मुखेडचं माहेर ते उदगीरचं सासर हा प्रवास मी वर्षानुवर्षं कुणाच्या तरी हाताला लोंबकळत केला. कधी कंडक्टर, कधी मागे उभा असलेला एखादा पाव्हणा. "चढा ताई, चढा," म्हणत काखेत हात घालून वर ओढायचे. त्यातले काही हात गरजेपेक्षा जास्त मदत करायचे, आणि वर पोचल्यावर त्यांचेच आभार मानावे लागायचे. त्याचा संताप मला अजून येतो.

म्हणून चाळिशी ओलांडल्यावर मी माझ्या पगारातून गाडी घेतली. हैदराबादहून आलेली, कुणाची तरी वापरलेली, पण ठणठणीत आणि ऑटोमॅटिक. तिला क्लच नसतो. गिअर ती आपले आपण बदलते, आणि डाव्या पायानं नुसतं बसून राहायचं असतं. आमच्या यांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडतीचं दुकान आहे. गाडी दारात आली तेव्हा ते चार माणसांदेखत म्हणाले, "आटोमॅटिक म्हंजे बायकांची आन् लंगड्यांची गाडी."

मी म्हणाले, "मग नेमकी जागी आली. मी दोन्ही हाय."

माणसं हसली. हेही हसले, पण ते त्यांना लागलं असावं, कारण मला गाडी शिकवायला ते एकदाही आले नाहीत.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. गावाबाहेरचं तळं पार आटलं होतं, तळाला भेगा पडल्या होत्या, आणि पोरं तिथं क्रिकेट खेळायची. लहानपणी माहेरी ज्या तळ्यात सगळ्या मैत्रिणी पोहायला शिकल्या आणि मला काठावर कपडे राखायला बसवलं, तसलंच हे तळं. त्याच्या कोरड्या बुडात मी गाडी शिकले. दुष्काळानं आमच्या भागात कुणाचं भलं केलं असेल तर ते माझं, आणि हे बोलायची चोरी होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक मी परीक्षेचा अभ्यास करावा तसं वाचलं. लिव्हरवर अक्षरं असतात. पी म्हणजे उभी करून ठेवायची, आर म्हणजे मागे, एन म्हणजे न्यूट्रल, डी म्हणजे पुढे चालायचं. त्याखाली दोन आणि एल, ते चढ-चिखलासाठी. आणि लिव्हरच्या बाजूला अंगठ्याखाली एक छोटं बटण असतं, ओव्हरड्राइव्हचं. ओव्हरड्राइव्ह म्हणजे सगळ्यात वरचा गिअर. सपाट रस्त्यावर गाडी त्यात गेली की इंजिन सावकाश फिरतं, आवाज कमी होतो, पेट्रोल कमी लागतं. पण चढावर तो गिअर दमतो, आणि उतारावर तर गाडी मोकाट सुटते. तेव्हा बटण दाबायचं. समोर एक पिवळा दिवा लागतो, गाडी वरच्या गिअरात जायची थांबते, आणि इंजिनच तिला मागून धरून ठेवतं. ब्रेक तापत नाहीत.

एवढी साधी गोष्ट. पण आमच्या यांनी तो पिवळा दिवा पहिल्यांदा पाहिला आणि ओरडले, "काई तरी बिघडलं, बंद कर!" दिरांनी ठरवून टाकलं की ते बटण ओव्हरटेकचं आहे, ते दाबलं की गाडीला जास्तीचा जोर येतो. मी पुस्तक उघडून दाखवलं. दीर म्हणाले, "वहिनी, पुस्तकात लई लिहितेत." दोघांचा एकच मंत्र होता, जो त्यांनी जीपवर आणि टेम्पोवर आयुष्यभर पाळला होता: उतार आला की गाडी न्यूट्रलला टाकायची, पेट्रोल वाचतं. मी सांगायची, यात वाचत नाही, उलट गाडी हातची जाते. पण बाईनं गाडीतलं सांगायचं म्हणजे त्यांच्या लेखी गाढवापुढे वाचली गीता. यातलं गाढव कोण, यावर आमचं एकमत नव्हतं.

दर शनिवारी शाळा सुटली की मी पाण्याचे कॅन डिकीत टाकून एकटी मुखेडला जायची. आईच्या घरचं बोअर आटलं होतं. आई एकटी राहायची. एक डोळा तरणेपणीच ज्वारीचं धाट लागून गेलेला, आणि राहिलेल्या डोळ्यात मोतीबिंदू. याच आईनं मला चौथीपर्यंत कडेवर घेऊन शाळेत नेलं होतं. बाया म्हणायच्या, "कामून हाडं झिजवालीस? बसू दे पोरीला घरात." आई फक्त कड बदलायची.

मी पहिल्यांदा गाडी घेऊन गेले तेव्हा तिनं दारातूनच विचारलं, "कोण घेऊन आलं?"

"मीच आले."

"डायवर कुटं हाय?"

"मीच डायवर."

तिनं येऊन बॉनेटवर हात फिरवला, मग आत बसली आणि म्हणाली, "बाजारातून घे." बाजाराचा दिवस नव्हता, घ्यायचं काही नव्हतं, तरी तिला बाजारातूनच जायचं होतं. तसं म्हणणाऱ्या ज्या बाया अजून जिवंत होत्या त्यांच्या दारावरून मी तिला फिरवलं.

मग मी तिला उदगीरला डोळ्याच्या डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, साखर वाढलेली आहे, ती आधी खाली आणा, मग ऑपरेशन करू. पण फार लांबवू नका, मोतीबिंदू पिकलाय. परत मुखेडला सोडायला निघालो. त्या वाटेवर पठार संपतं आणि लांबलचक उतार लागतो. मी बटण दाबलं, दिवा लागला. आईला समोरचा रस्ता धड दिसत नव्हता, पण तो पिवळा ठिपका दिसला.

"हे काय पेटलं?"

मी सांगितलं. तिला ते इतकं पटलं, की तिनं ते काम स्वतःकडे घेतलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा ती गाडीत बसली, तेव्हा उताराच्या आधी माझ्या हाताखालचं बटण ती चाचपायची आणि मी "हं" म्हटलं की दाबायची. मग म्हणायची, "आता न्हाई पळत." यांना आणि दिरांना जे पुस्तक दाखवून कळलं नाही, ते तिला एका उतारात कळलं. तिला माझं ऐकायची सवय होती, एवढाच काय तो फरक.

आईची साखर उतरली, ऑपरेशनचा सोमवार ठरला. तिची एकच अट होती. "तुज्या गाडीत येते. दुसऱ्या कुणाच्या न्हाई." मी म्हणाले, रविवारी येते न्यायला.

त्याच सुमारास पुन्हा उठलं की उदगीर जिल्हा होणार. आमच्याकडे ही हूल दर काही वर्षांनी उठते. या खेपेला लोकांनी जास्तच धरलं. नव्या जिल्ह्यात मुखेडही येणार अशी बोलवा होती. हे मला म्हणाले, "बघ, तुजं माहेर आन् सासर एका जिल्ह्यात यायलंय." जणू हे मुखेड उचलून अंगणात आणून ठेवणार होते. पाणी नाही, जनावरं छावणीत, आणि मोंढ्यातली माणसं कलेक्टरचं ऑफिस कोणत्या माळावर होईल यावर तासन् तास बोलत होती. मी म्हणायची, नळाला पाणी आणा आधी, कलेक्टर काय प्यायला देणार आहे?

प्रचाराला गाडी लागते, आणि एसी असलेली गाडी घरात एकच होती. आयत्या बिळावर नागोबा बसले. ही गाडी बैठकीत "माझी", पाव्हण्यांत "आपली" आणि पेट्रोल भरायच्या वेळी "तुजी" असायची. ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारी मी शाळेत असताना हे आणि दीर गाडी घेऊन गेले. टपावर भोंगा बांधला, त्याची वायर गाडीच्या बॅटरीला जोडली, आणि इंजिन बंद ठेवून खेड्याखेड्यात "जिल्हा झालाच पाहिजे" ओरडत बसले. बॅटरी उतरली. दुपारी यांचा फोन आला.

"तुजी गाडी बंद पडली."

मागून माणसांचा "हैस्सा, हैस्सा" आवाज येत होता. मी वर्गाबाहेर येऊन म्हणाले, "धक्का मारून ती सुरू होत न्हाई. कितीबी ढकला. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायरी लावा. आन् ओढून आणू नका. ओढायचीच पडली तर पुढची चाकं वर उचलून आणा. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सात तेल फिरत न्हाई, आतलं सगळं जळतं. ऐकायलाव ना?"

"हाव, हाव," म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी गाडी आली. पाण्याच्या रिकाम्या टँकरमागे दोरानं बांधलेली, चारही चाकं रस्त्यावर, दीर स्टिअरिंगवर, भोंगा अजून टपावर. टँकरवाल्याला विहिरीवर नंबर लावायचा होता, म्हणून त्यानं दमानं आणलीच नव्हती. अंगणात करपलेल्या तेलाचा वास पसरला. आमचे हे खाली उतरून म्हणाले, "आली का न्हाई? उगं घाबरवतीस."

सकाळी नवी बॅटरी बसवली. इंजिन एका चावीत सुरू झालं. यांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. मी बसले, ब्रेकवर पाय ठेवला, डी टाकला, पाय काढला. काही झालं नाही. ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. मी आर टाकून पाहिला, दोन टाकला, एल टाकला. शेवटी मी ते बटणसुद्धा दाबलं. दिवा लागला.

दीर म्हणाले, "आटोमॅटिक नाजूकच असते. म्या आधीच म्हणलं होतं."

मी त्या दिवशी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातला एक शब्दही मी मागे घेतलेला नाही.

रविवारी मी एसटीनं मुखेडला गेले, आईला आणायला. तिनं दारात माझ्या काठीचा आवाज ऐकला, घामानं भिजलेला माझा हात चाचपला आणि विचारलं, "गाडी?"

"नादुरुस्त हाय. एसटीनं जाऊ, न्हाईतर जीप करू भाड्यानं."

"एसटीत तू मला धरशील का मी तुला?" ती म्हणाली. "नीट होऊ दे गाडी. मग ये. डोळा कुटं पळून चाललाय?"

मी खूप सांगितलं. तिला ऑपरेशनची भीतीही होती, आणि तिनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं, की माझी पोरगी मला स्वतः गाडी चालवत दवाखान्यात नेणार आहे. मेकॅनिक म्हणाला होता, हैदराबादहून गिअरबॉक्स आला की आठवड्यात होईल. मी तारीख पुढे ढकलली. पण गिअरबॉक्स आणायला कुणी गेलं नाही. आज मोर्चा, उद्या बैठक. "जिल्ह्याचं मिटू दे, मग बघू," हे म्हणत राहिले. अंगणात उभ्या गाडीत पोती ठेवायला सुरुवात झाली.

एका सकाळी मुखेडहून शेजारणीचा फोन आला, तुमच्या आईचा डोळा लाल झालाय, डोकं धरून ओकायलीय. मी भाड्याची जीप करून तिला आणलं. डॉक्टरांनी तपासलं. मोतीबिंदू फुगून डोळ्यात दाब वाढला होता. ते म्हणाले, दुखणं थांबवता येईल, नजर आता येणार नाही. उजेड-अंधार तेवढा कळेल. आई म्हणाली, "बरं." डॉक्टरांनाही तिच्याकडे बघवेना.

जिल्हा झाला नाही. पुढे पाऊस पडला, तळं भरलं. माझी गाडी भंगारात गेली आणि दुकान चांगलं चाललं तेव्हा यांनी नवी गाडी घेतली, क्लच-गिअरची, म्हणजे सगळ्यांना चालवता येणारी. सगळ्यांना म्हणजे मला सोडून.

आई तेव्हा आमच्याकडेच राहायची. एकदा तिनं हट्ट धरला, मुखेडचं घर एकवार हातानं चाचपून येते. हे चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, आई मागे. पठार संपलं, गाडी पुढे कलली, आणि तिला ते अंगात कळलं. ती पुढे सरकली, माझ्या सीटच्या पाठीवर हात टाकून म्हणाली,

"उतार आला गं. बटण दाबलंस का?"

यांनी गाडी न्यूट्रलला टाकली होती. गाडी पळत सुटली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हाव आई," मी म्हणाले, "दाबलं."

"मग न्हाई पळत," आई म्हणाली आणि मागे टेकून बसली.