काहीही गृहीत न धरणारे गृहस्थ

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट गृहीत धरली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे त्यांना मान्य होतं, पण खिडकी उघडून पाहिल्यावर. लिफ्टचं दार उघडलं की आतून बाहेर येणाऱ्याला ते अडवून विचारत, "तळमजलाच ना?" मंडईत मेथीची जुडी हातात धरून "ही मेथीच ना?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "नाय, चाफा हाय." ह्यांनी शांतपणे जुडीचा वास घेतला आणि मगच पिशवी उघडली. आम्ही सगळे त्यांना हसायचो. मात्र ऑफिसातल्या एकाच्या लग्नात आम्ही सहाजण मसालेभात संपवून जिलबीपर्यंत पोचलो होतो, तेव्हा हे उशिरा आले, दारातच नवरानवरीची नावं विचारून घेतली आणि आमच्या पंगतीशी येऊन हळूच म्हणाले, "आपलं लग्न वरच्या मजल्यावर आहे. तुमची जिलबी होऊ द्या." त्या दिवसापासून हसणं थोडं कमी झालं.

मी यादीवर जगणारी बाई. वाण्याची यादी, पाहुण्यांची यादी, ह्या याद्यांतल्या कुठल्या गोष्टी झाल्या त्याची यादी. त्यामुळे रोज सकाळी साडेदहाला त्यांचं "चहा घेणार का?" ऐकलं की माझ्या कपाळावर आठी पडायची. मी "हो" म्हणायची. मग "साखर?" मी "अर्धा चमचा" म्हणायची. पुढच्या दिवशी पुन्हा तेच, जणू आमची ओळख आजच झाली आहे. शेवटी मी एक चिठ्ठी लिहून त्यांच्या टेबलावर चिकटवली : चहा हो, साखर अर्धा चमचा, कायमचं. त्यांनी ती चष्मा लावून वाचली.

"ही कधीची?"

"कालची, सर."

"बरं. मग आजचं सांगा."

आमची कंपनी लहान. वेगवेगळ्या केंद्रांतल्या यंत्रांसाठी आम्ही सी भाषेत प्रोग्रॅम लिहून देतो. दहा वर्षं घरी राहून मी पुन्हा नोकरीला लागले होते, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पटलं तर कायम, नाहीतर नमस्कार. पाचव्या महिन्यात माझा पहिला प्रोग्रॅम लोणी काळभोरजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रावर बसवला. प्रत्येक दूधवाल्याची एक वेगळी फाइल, तिच्यात रोजचं माप आणि तापमान. ऑफिसात तो महिनाभर बिनबोभाट चालला होता. तिथं पहिल्याच आठवड्यात केंद्राच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "मॅडम, तुमचं मशीन अडीचशे गवळ्यांपर्यंत चालतंय, पुढं गप होतंय. माणसं कॅन घेऊन उभी हायेत हितं. सोमवारपर्यंत झालं नाय तर घेऊन जावा."

तो गुरुवार होता. मी कोणालाच काही सांगितलं नाही. संध्याकाळभर प्रोग्रॅम तपासला, एकही चूक सापडली नाही. शुक्रवारी सकाळी साडेदहाला शेजारून आवाज आला, "चहा घेणार का?"

"नको."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "पाच महिन्यांत पहिल्यांदा उत्तर बदललं. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. नोकरी जाणार हेही सांगून टाकलं. त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. खुर्ची ओढून माझ्या पडद्यासमोर बसले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हा एक हजार चोवीस कुणी सांगितला?"

"एका वेळी तेवढ्या फाइल उघड्या ठेवता येतात. मशीनचीच मर्यादा आहे. माझ्या वहीत लिहून ठेवलंय."

"कुठल्या मशीनची?"

"आपल्या."

"आणि प्रोग्रॅम चालणार कुठे?"

मी वही मिटली. सी भाषेत नेमकं ह्यासाठी सिसकॉन्फ नावाचं फंक्शन असतं. प्रोग्रॅम ज्या मशीनवर चालू असेल त्यालाच ते विचारतं, बाबा रे, तुझ्याकडे एका वेळी किती फाइल चालतात? मला ते ठाऊक होतं. पण वहीत नीट आखलेल्या रकान्यात उत्तर असताना पुन्हा विचारायचं कशाला, असं मला वाटलं होतं. मी त्या मशीनला न विचारताच चिठ्ठी चिकटवली होती. केंद्रावर फोन करून आम्ही ती मर्यादा बघायला लावली. उत्तर आलं, दोनशे छप्पन्न.

दिवसभर बसून आम्ही ते दुरुस्त केलं. मर्यादा आधी विचारायची, तेवढ्यात भागवायचं, काम झालेली फाइल लगेच मिटायची. तपासताना ते म्हणाले, "आणि उत्तर उणे एक आलं तर?"

"म्हणजे चूक झाली."

"किंवा मर्यादाच नाही. दोन्हीला उत्तर एकच. म्हणून मशीन जिथं चूक नोंदवतं ती पाटी आधी पुसून कोरी करायची, मग विचारायचं, मग पाटीवर काही उमटलंय का ते बघायचं." मग म्हणाले, "आमच्या घरीही उत्तर आलं नाही की त्याचे दोन अर्थ असतात. पण तिथं पाटी पुसता येत नाही."

शनिवारी सुट्टी असूनही ते माझ्याबरोबर लोणी काळभोरला आले. तीनशे दहावा गवळी कॅन रिकामी करून निघून गेला, तरी प्रोग्रॅम चालू होता. व्यवस्थापक म्हणाले, "आता बोलतंय बगा." परतताना मी विचारलं, "मालकांना काय सांगू? चिडतील ना."

"काय झालं ते सांगा. चिडतील हे कशावरून?"

मालक चिडले, पण मला काढलं नाही. त्या नोकरीवर माझ्या मुलीचं शिक्षण झालं, आणि मी पुन्हा माझ्या पायांवर उभी राहिले. ह्याबद्दल आभार मानायला गेले तर गृहस्थ म्हणाले, "अहो, मी फक्त चहाचं विचारलं."

त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता साडेदहाला माझ्या टेबलावर आपोआप कप येतो. साखर बरोबर अर्धा चमचा. कोणी काही विचारत नाही, आणि कोणाची त्यात चूकही नाही. चिठ्ठी मीच लिहिली होती. गेल्या बुधवारी लेक नोकरीसाठी परगावी गेली. गुरुवारी मला चहा नको होता. कप आला, त्यावर साय धरली आणि कप परत गेला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुपारी मी त्यांना फोन लावला. काही सांगण्याआधीच त्यांनी विचारलं, "आज चहा झाला का?"

"नाही, सर."

"मग घरी या. येताय ना? मी गृहीत धरत नाही."

वहीतली संध्याकाळची चारही कामं खोडली आणि कर्वेनगरला रिक्षा केली. त्यांनीच दार उघडलं, मला बसवलं, स्वयंपाकघरात गेले आणि पातेलं चढवल्याचा आवाज आला. मग दारातून डोकं बाहेर काढून, इतक्या वर्षांत एकदाही न विचारल्यासारखं, विचारलं, "साखर?"

मी पहिल्यांदाच नीट विचार केला.

"आज एक चमचा," मी म्हटलं.