दोन सोफे, एक खिडकी

तर सासू त्या लांबलचक सोफ्यावर बसली आणि तिचे पाय जमिनीला टेकेनात, इथवर आपण काल आलो होतो. मथुराबाई तशी ठेंगणीच. पाय लोंबकळतायत, दोन्ही हात दोन बाजूंना पसरलेत, आणि तोंडावर असा थाट की जणू गलबत हिच्याच हुकमानं चाललंय. मुलगा गुरुदास बाजूला उभा, कधी आईकडे बघतोय, कधी आढ्याकडे. सून सुगंधा मांगराच्या दाराशी, पदर सावरून. मांगर म्हणजे धोंडू मेस्त्रीचं घरामागचं छप्पर, तिथंच त्याचं सुतारकाम चाले.

"वयनी, फोर्टात गेल्यात तरी असो सोफो गावाचो नाय," धोंडू म्हणाला. तो मुंबईला एकदाच गेला होता, तेही आजारी मामाला बघायला, पण फोर्टशिवाय त्याचं वाक्य पुरं व्हायचं नाही.

"फोर्टात लोकांचे पाय लांब आसतले," मथुराबाई म्हणाली. "पण बरो आसा. भाईच्या सायबाक शोभात असो आसा."

हा भाई म्हणजे तिचा थोरला, मुंबईचा चाकरमानी. साल एकसष्ट की बासष्ट असेल. त्यानं बोटीनं आलेल्या एका गाववाल्याकडून निरोप धाडला होता, की मे महिन्यात कचेरीतल्या साहेबाला किल्ला दाखवायला मालवणात आणतोय, दोन दिवस आपल्याच घरी उतरेल, तेव्हा बसायला सोफा घ्या, खर्च माझा. झालं! ज्या घरात पाहुणा आला की फळीवरची गोधडी काढून पसरायची, त्या घरात सोफ्याशिवाय दुसरं बोलणं उरलं नाही. विहिरीवर सोफा, मासळीच्या पाटीवर वाकून सोफा. तुळसा मासेवाली तर विचारायची, "काय गो सुगंधा, इलो काय तुमचो लोखंडी सोफो?" लोखंडी कुठून आला तिच्या डोक्यात, ते तिचं तिला ठाऊक.

सुगंधा हसण्यावारी नेत असे. पण हा निरोप आला त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

घर म्हणाल तर बाहेरची एक खोली, आतली एक आणि मागं चूल. बाहेरच्या खोलीला खिडकी एकच, गल्लीकडची. आतल्या खोलीला नाही, चुलीला धुराड्याचं भोक तेवढं. त्या एका खिडकीखाली सुगंधाची शिलाई मशीन. देवगडहून लग्नात बापानं दिलेली. बापाचं घर आंब्याच्या बागेत, उतारावर, दार उघडलं की समोर अख्खा दर्या. तिथली मुलगी या दोन खोल्यांत आली, आणि पहिल्या महिन्यातच तिला कळलं की या घरात सुनेनं बाहेर जायचं ते विहिरीवर आणि देवळात. बाकी जग बघायचं ते त्या खिडकीतून. बायका कापड घेऊन खिडकीशीच यायच्या, माप खिडकीतूनच, गप्पा खिडकीतूनच. "पोलका घट्ट झाला गो," म्हणून भांडणसुद्धा खिडकीतून. तुळसा पाटी टेकवायची ती त्याच चौकटीला.

धोंडूकडे सोफा बघायला जायच्या आदल्या दिवशी सासू झोपल्यावर सुगंधानं गळ्यातली शिवणाची टेप काढली आणि भिंत मोजली. दारापासून खिडकीपर्यंतची. मग नुसती उभी राहिली. भिंत तिला पाठ होती, तरी मोजली.

आणि आता मांगरात ती बघत होती ते काय? तो लांब सोफा. एका आगबोटीवरच्या खलाशानं सांगून करून घेतलेला, खलाशी समुद्रापार गेला तो परत यायचं नाव घेईना, म्हणून पडून राहिलेला. फणसाचं लाकूड, पिवळंधमक, हातांवर कोरीव वेल. टेप लावायची गरजच नव्हती. डोळ्यांनी दिसत होतं, की हा आला तर अर्धी खिडकी झाकून बसणार आणि मशीन उचलून चुलीजवळ जाणार.

पण कोपऱ्यात दुसरा एक होता. दोघांपुरता. तिरक्या निमुळत्या पायांचा, पाठ बुटकी, बैठक वेताची, हात बारीक आणि जरासे वाकडे, एखाद्या मुलीनं कमरेवर हात ठेवावा तसे. धोंडूनं तो एका कॅलेंडरच्या चित्रावरून केला होता. सुगंधाची नजर त्यावर गेली ती हलेना. कापडाची माहिती असलेल्या बाईला बेतून कापलेली वस्तू लगेच ओळखू येते.

धीर करून ती नवऱ्याच्या मागं गेली. हळूच म्हणाली, "ऐकलात? तो धाकटो बरो दिसता."

गुरुदास पेठेतल्या एका दुकानात हिशेबनीस. स्वभाव असा, की वाटेत दोन फाटे आले तर तिथंच बसून भाकरी खाईल. तो म्हणाला, "बरो आसा. मोठोय बरो आसा. आयेक विचार."

"तुम्ही विचारा ना."

"मी विचारलंय तर आये म्हणतली, सुगंधान शिकवल्यान."

मग बोलायला राहिलंच काय! ती पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली.

धोंडू मात्र दोन्ही विकायला बसलेला. "धाकटो नवीन फॅशनचो हा, वयनी. हलको. एक माणूस उचलून खंयपण ठेवीत."

"हलको म्हणजे मोडतलो," मथुराबाई म्हणाली. "सायब बसलो आणि खाली गेलो तर? भाईची नोकरी जायत. नि हेच्यावर दोनच माणसां बसतली. सायब नि भाई बसलो, मी खंय बसू?"

खरं दुखणं हेच होतं. तिला साहेबाशेजारी बसायचं होतं.

गुरुदास अजून आढ्याकडे बघतोयसं दिसल्यावर तिनं हात आपटला. "असा करूया. कौल लावया."

गुरुदासचा चेहरा असा उजळला की विचारू नका. देवानं सांगितलं म्हणजे आईही खूश, बायकोलाही बोलता येणार नाही, आणि आपण मोकळे.

तुम्हांला हसू येईल, पण आपल्याकडे कौलाशिवाय काय झालंय हो? म्हैस घ्यायची, विहीर खणायची, पोर मुंबईला धाडायचं, सगळं देवाला विचारून. एकानं तर दात काढू की नको म्हणून कौल लावला होता. देव काही बोलेना. हा रोज येऊन बसायचा. शेवटी दात आपला आपणच पडला, आणि त्यानं नारळ फोडून देवाचे आभार मानले! रीत सोपी असते. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. गुरवानं गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि एकदा कौल झाला, की मग त्याच्यापुढं कोणाची टाप नाही.

हेच सुगंधाला ठाऊक होतं. घरात सासू नाही म्हणाली तर चार दिवसांनी रडून, रुसून, देवगडला निरोप धाडून काही करता आलं असतं. देव होय म्हणाला तर कोणाकडे रुसायचं?

सोमवारी सगळे वाडीतल्या देवळात गेले. गुरुदास, मथुराबाई, सुगंधा, आणि आपला कुठला सोफा खपतोय ते बघायला धोंडूसुद्धा. शिवा गुरवानं पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि सूर काढला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"घरात मुंबैचो सायब येतलो आसा. तेका बसाक धोंडूकडचो मोठो सोफो घेवचो, असा ह्यांच्या मनात आसा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि सुगंधाच्या ध्यानात आलं, की त्या आवाजांत तिचाही आवाज होता. लहानपणापासूनची सवय ती. गुरव थांबला की तोंड आपोआप उघडतं. आपल्याच तोंडानं आपण 'मशीन चुलीकडे न्या' असं देवाला सांगून बसलो. पुढच्या ओळीला ओठ आवळायचे असं तिनं ठरवलं, पण शेजारी सासू, समोर देव. ओठ पुन्हा हललेच.

"ह्या बरा आसात तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि सगळे बघत बसले.

पाकळी हलेना. ना उजवी, ना डावी. समईची वात फरफरली, कुठं एक माशी येऊन डाव्या पाकळीवर बसली तेव्हा सुगंधा टाचा उंचावून बघायला लागली, पण माशी उडाली आणि पाकळी तिथंच. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा तेच. उन्हं वर आली. धोंडूनं तंबाखू काढली, देवळात आहोत हे आठवून परत ठेवली. मथुराबाईचे गुडघे दुखायला लागले. गुरुदासला दुकानाची वेळ झाली होती, पण देवाला मध्येच सोडून जायचं कसं? अडकले सगळे. सुगंधा खांबाला टेकून उभी होती. तिला वाटलं, इतके दिवस आपण एकटीच कोंडलेली होतो, आज देवानं या सगळ्यांना आपल्यासोबत कोंडलं.

शेवटी शिवा गुरव वळला. "देव धरून बसलो," तो म्हणाला. "कोणाच्या तरी मनात वेगळा आसा आणि ता कोण सांगणा नाय. जा काय आसात ता देवापुढे बोला, नायतर सांजपर्यंत हंयच बसाचा लागात."

"माझ्या मनात कायच नाय," गुरुदास लगेच म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

"माझ्या मनात आसता ता माझ्या तोंडार आसता," मथुराबाई म्हणाली. "सगळ्या गावाक म्हायत आसा."

"ता आसाच," गुरव म्हणाला. धोंडू खाली बघून हसला. मग गुरवाची नजर खांबाकडे गेली. "सूनबाय, तुझ्या मनात काय आसा?"

सुगंधाला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. नाही म्हणावं तर देवापुढं खोटं. होय म्हणावं तर पुढं सारा जन्म या सासूबरोबर काढायचाय. मागं खांब, पुढं देव, बाजूला सासू. पळायला खिडकीएवढीसुद्धा जागा नाही. तिनं डोळे मिटले, आणि आवाज निघाला तो तिलाच ओळखू येईना.

"म्हाराजा, धाकटो सोफो येवंदे. माका तेच्यार बसाक नको. पण मोठो इलो तर खिडकी बंद जातली, नि माझी मशीन चुलीकडे जातली. थंय काळोख आसा. थंय सुईत दोरो जाणा नाय, नि माणसाचा तोंड दिसणा नाय."

गुरुदास पहिल्यांदाच आढ्याकडून खाली बघायला लागला, बायकोकडे. शिवा गुरवानं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, आणि नव्यानं सूर लावला, धाकट्या सोफ्याचा. या खेपेला 'व्हय म्हाराजा' म्हणायला गुरुदासचा आवाज सगळ्यांत मोठा. त्याचा म्हाराजा पुरा व्हायच्या आत उजवी पाकळी गळून खाली आली.

आता तुम्ही म्हणाल, उन्हानं वाळली असेल. वाळलीही असेल. पण कौल तो कौल. धोंडूनं तिथंच सांगून टाकलं, सांजेला सोफा पोचवतो म्हणून.

परतताना मथुराबाई पुढं, पाठमोरी, ताठ. देवाच्या शब्दापुढं ती काय बोलणार? पण पायऱ्या उतरून झाल्यावर तिला राहवेना. ती थांबली आणि मागं वळली.

"काय गो? घरात तोंड शिवलेला हुता काय तुझा? चार माणसांत, देवळातच बोलूक होया हुता?"

सुगंधानं पदर सारखा केला आणि म्हणाली, "आये, घरात तुम्ही सगळ्यांका सांगतास, विचारतास फकस्त देवाक. आज पयल्यांदा माका कोणी विचारल्यान, म्हणान बोललंय."