विश्वासार्ह माहिती उपलब्ध नाही

सलीमाबाईंनी अमडापूरच्या मराठी शाळेत इतकी वर्षं मुलं शिकवली होती, की गावातल्या अर्ध्याअधिक माणसांचं अक्षर त्यांच्याच वळणावर गेलं होतं. पेन्शन सुरू झाली, मागोमाग नवरा वारला, आणि मुलगी फलक नोकरीला पुण्याला गेली. जाताना तिनं आपला जुना कॉम्प्युटर आईच्या खोलीत मांडून दिला.

"अम्मी, इंटरनेट पे एक ज्ञानकोश है, मराठी में. कोई भी लिख सकता. तू अपने गांवों का लिख."

बाईंना त्याचं वेडच लागलं. नद्या, आठवडी बाजार, जत्रा, पडके दर्गे, जुन्या विहिरी, एकेका पानावर त्या माहिती लिहीत गेल्या. तिथला कायदा त्यांच्या मास्तरकीच्या स्वभावाला मानवला. जे लिहाल ते कुठं तरी छापून आलेलं पाहिजे. नसेल, तर कोणीही येऊन त्या वाक्याच्या शेपटाला 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी चिकटवून जाणार. बाई स्वतः ती चिठ्ठी लोकांच्या वाक्यांना निर्दयपणे लावत.

अशातच त्यांच्या नजरेस अर्जुनराव रिठे यांचं पान पडलं. अर्जुनराव म्हणजे त्या भागातले कापसाचे पुढारी. आमदारकी झाली, राज्यमंत्रिपद झालं. बीटी कपाशीचं बियाणं गावोगाव आलं तेव्हा म्हातारपणीसुद्धा शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं हिंडून शेतकऱ्यांशी बोललेला माणूस. आता स्मृती गेली होती, आणि ते शेगावला नातवाकडे, कुलदीपकडे, पलंगाला खिळले होते.

त्या पानावर भांडण पेटलं होतं ते त्यांच्या जातीवरून. एक म्हणे कुणबी, दुसरा म्हणे बंजारा, तिसरा म्हणे रोहिला पठाण. प्रत्येकाजवळ संदर्भ होता, आणि प्रत्येकाचा संदर्भ त्याच्या त्याच्या समाजाच्या मासिकातलाच होता. सकाळी एकानं लिहिलेलं दुपारी दुसरा खोडी. खरं तर कोणालाच काही माहीत नव्हतं. पळसोद नावाचं गाव पटकीच्या साथीत उठून गेलं, त्या रिठावरून, म्हणजे उजाड गावठाणावरून, आणलेलं पोर म्हणून आडनाव रिठे, एवढंच लोकांना ठाऊक.

बाईंना कोणी तरी सांगितलं, की ते पोर ज्यांनी आणलं त्यांच्या घरातली केसरबाई अजून जिवंत आहे. रिठाच्या अलीकडेच तिचं घर. बाई गेल्या. पावसाळा संपत आला होता, कपाशी कमरेला लागत होती, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना कीटकनाशकाच्या फवाऱ्याचा उग्र वास होता. पाखराचा आवाज नव्हता. ओसरीवर केसरबाई एकटीच बसलेली होती. कान जरा जड, पण बोलणं स्वच्छ.

"पटकी आली तवा गाव उठलं बाई. जे ते पोरंसोरं घेऊन पयालं," ती म्हणाली. "ते एक बाई मांगंच राह्यली. देवळाच्या वट्ट्यावर पोराले मांडीवर घेऊन बसली होती. कुठून आली, कोनाची, कोनाले ठाव नोतं. तिची बोलीच निराळी. माह्या मायनं पोरगं उचललं, तवा ते जित्ती होती बरं. मी मायच्या लुगड्याले धरून चालली होती. मांगं वळून पाह्यलं, त ते पोराले आवाज देऊन राह्यली होती. एकच शबुद. पुन्हा पुन्हा."

"कोणता शब्द?"

केसरबाईनं आधी इकडं तिकडं पाहिलं, मग बाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि त्या बाईनं मारली होती तशीच हाक मारली, शेवट लांबवून, हळू. छोटासाच शब्द होता. मराठीतला नव्हता, उर्दूतला नव्हता, लमाणीतलाही वाटेना. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. अर्जुनरावांची आई जणू अजून त्या वट्ट्यावर बसलेली होती, आणि मधे फक्त थोडी कपाशी होती.

घरी येऊन त्या कॉम्प्युटरपुढं बसल्या. म्हातारीचं तोंडी सांगणं संदर्भ म्हणून चालणार नव्हतं. तो शब्द तर नाहीच. शेवटी सगळ्यांची भांडणं पुसून त्यांनी शुद्ध, कोणालाही न दुखवणारं एक वाक्य लिहिलं : 'अर्जुनराव रिठे यांचा जन्म साथीच्या काळात विस्थापित झालेल्या एका कुटुंबात झाला, त्यांच्या मातापित्यांच्या मूळ समाजाविषयी विश्वासार्ह माहिती उपलब्ध नाही.'

वाक्य टिकलं. बाईंना समाधान वाटलं. केसरबाईचा शब्द कुठं टिपून ठेवावा असं त्यांच्या मनातही आलं नाही. असा शब्द कोण विसरतं?

दोन वर्षांत ते वाक्य पान सोडून हिंडायला लागलं. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत आलं, मग दुसऱ्याच्या दिवाळी अंकात, मग कोण्या कॉलेजच्या स्मरणिकेत. छापून आलं म्हणून लोक परत पानावर येऊन तेच छापील कागद त्या वाक्याला संदर्भ म्हणून जोडायला लागले. बाईंच्या वाक्याला बाईंच्याच वाक्याचे टेकू लागले.

२०११ च्या हिवाळ्यात जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची तयारी सुरू झाली. कुलदीप उभा राहणार होता. त्याला ते वाक्य फार आवडलं. आजोबा कोणाचेच नाहीत, म्हणजे सगळ्यांचे! त्यानं भोंग्यासाठी आजोबांची जीवनकथा एका भारदस्त आवाजात रेकॉर्ड करून घेतली. तिची सुरुवात त्याच वाक्यानं. प्रचाराची गाडी गावोगाव फिरू लागली. त्या वर्षी कपाशीवर लाल्या पडला होता. बोंडं भरायच्या आधीच पानं तांबडी होऊन गळत होती, तरणी माणसं कामाला सुरतेकडे गेली होती, आणि रिकाम्या रस्त्यांवरून, त्या तांबड्या वावरांच्या मधून भोंगा सांगत जायचा : विश्वासार्ह माहिती उपलब्ध नाही.

पानावर पुन्हा वाद पेटला. तेव्हा, बाईंनी केसरबाईच्या भेटीबद्दल तिथं पूर्वी लिहिलेलं वाचून, एका जाणत्या संपादकानं त्यांना चर्चेच्या पानावर विचारलं, की तुमच्या त्या म्हातारीनं आईच्या भाषेतला एखादा शब्द तरी सांगितला होता का? भाषेचे अभ्यासक त्यावरून बोली ओळखतील, कुठं तरी लेख छापतील, मग संदर्भ होईल.

'हो, सांगितला आहे,' असं बाईंनी लिहिलं. पुढं शब्द लिहायला बोटं ठेवली.

शब्द आला नाही.

ओसरी आठवली, फवाऱ्याचा वास आठवला, कानाला लागलेला म्हातारीचा गरम श्वास आठवला. श्वासानंतर जिथं शब्द होता, तिथं त्यांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं. डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून आठवलं, तरी ते वाक्यच. अगदी केसरबाईच्या आवाजात. बाईंनी कॉम्प्युटर बंद केला आणि फलकला फोन लावला.

"उमर हो गई अम्मी, भूलते लोग," फलक म्हणाली. "जाके फिर पूछ ले ना उनको."

बाई दुसऱ्याच सकाळी निघाल्या. केसरबाई ओसरीवर वेचलेल्या कापसातला काडीकचरा काढत बसली होती. तिची सून सिंधूताई घरातून पाणी घेऊन आली.

"लय जोरानं बोला लागन बाई. दोन वर्सांत कान पार गेले तिचे."

बाईंनी तिच्या कानाशी वाकून ओरडून विचारलं, "केसरबाई, ते वट्ट्यावरची बाई पोराले काय म्हणून आवाज देत होती?"

केसरबाईचे हात थांबले. चेहरा लहान पोरीसारखा झाला. तोंड उघडलं, ओठांचा आकार झाला, बाईंना वाटलं आता येतो. आणि ती म्हणाली :

"अर्जुनराव रिठे यांचा जन्म साथीच्या काळात विस्थापित झालेल्या एका कुटुंबात झाला..." इथं ती थांबली. बाईंनी स्वल्पविराम दिला होता, बरोबर त्याच जागी. "त्यांच्या मातापित्यांच्या मूळ समाजाविषयी विश्वासार्ह माहिती उपलब्ध नाही."

शाळेची पायरी न चढलेली म्हातारी. सगळे उच्चार स्वच्छ, एकही अक्षर वऱ्हाडी नाही.

सिंधूताई हसली. "गाडी फिरते ना रोज. आयकून आयकून पाठ झालं असंन." मग तिचं हसू विरलं. "पन इले त आयकूच येत नाही."

केसरबाईनं बोटांनी आपले ओठ चाचपले. "बाई," ती घाबरून म्हणाली, "हे म्या बोलली का?"

सलीमाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मांडीवरच्या लेकराला थोपटावं तसं त्या म्हातारीच्या पाठीवर थोपटत राहिल्या.

आता उरले होते एकटे अर्जुनराव. खामगावला गाडी बदलून बाई शेगावला गेल्या. कुलदीपनं अदबीनं आत नेलं. तो एके काळी त्यांच्या शाळेत थोडे दिवस शिकला होता.

"बाई, आबा कोनालेच वळखत नाहीत आता. महिने झाले, तोंडातून शब्द नाही. पाहा, बसा जराक." त्याला फोन आला आणि तो बोलत बाहेर गेला.

पलंगावरचा माणूस अगदी लहान दिसत होता. खिडकीतून अंगणात उभी असलेली प्रचाराची गाडी दिसत होती, आणि कोणी तरी भोंगा तपासत होतं. आवाज घुमला : अर्जुनराव रिठे यांचा जन्म...

म्हातारा तळमळला. त्यानं दोन्ही हात कानांवर नेले, पण ते कानांपर्यंत पोचले नाहीत. बाईंनी उठून खिडकी लावली. मग न राहवून त्यांनी आपलेच तळवे त्याच्या कानांवर ठेवले. आवाज त्यांच्या हातांबाहेर राहिला. अर्जुनरावांनी डोळे उघडले, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एक शब्द उच्चारला. शेवट लांबवून, हळू.

तोच होता. बाईंच्या अंगावर तोच काटा आला. आईनं मारलेली हाक आता लेकरू आईला परत देत होतं. बाईंनी मनातल्या मनात शब्द म्हटला, पुन्हा म्हटला, जिभेवर घट्ट धरला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून त्यांच्या तळव्यांखाली चाललं होतं.

भोंगा थांबला. कुलदीप दारात येऊन उभा राहिला, आणि आजोबांचे ओठ हललेले पाहून जवळजवळ धावतच आत आला.

"बाई! काही बोलले का आबा? काय म्हनले?"

सलीमाबाई त्याच्याकडे वळल्या. शब्द जिभेवर होता. त्यांनी तोंड उघडलं.

"अर्जुनराव रिठे यांचा जन्म साथीच्या काळात विस्थापित झालेल्या एका कुटुंबात झाला," त्या म्हणाल्या. थांबायचं होतं, थांबता येईना. "त्यांच्या मातापित्यांच्या मूळ समाजाविषयी विश्वासार्ह माहिती उपलब्ध नाही."

कुलदीपच्या चेहऱ्यावरची आशा मावळली. "बाई, ते त मले पाठ हाय," तो कसनुसं हसला.

बाईंनी पलंगाकडे पाहिलं. अर्जुनरावांनी डोळे मिटून घेतले होते, भिंतीकडे तोंड केलं होतं. परतीच्या गाडीत त्या सबंध वाट ओठ मिटून बसल्या. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं तेव्हा त्यांनी नुसतं बोटानं पुढं दाखवलं.

घरी पोचल्यावर त्यांनी एकच काम केलं. पानावरचं आपलं वाक्य खोडलं. थोड्याच वेळात कोणी तरी ते परत आणलं. त्यांनी पुन्हा खोडलं, ते पुन्हा आलं, आणि त्यांच्या नावे सूचना आली, की आपण विश्वासार्ह संदर्भ असलेला मजकूर वारंवार काढत आहात, कृपया तसे करू नये. 'ते मीच लिहिलं होतं, त्याला माझ्याशिवाय आधार नव्हता,' असं बाईंनी कळवलं. त्याला त्या जाणत्या संपादकाचं सौजन्यानं उत्तर आलं : आपल्या म्हणण्याला काही छापील संदर्भ आहे का?

पान बदलांसाठी कुलूपबंद झालं. कुलदीप निवडून आला. अर्जुनराव पुढल्या उन्हाळ्यात गेले, आणि सगळ्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेखात तेच वाक्य छापलं. केसरबाई त्यांच्याआधीच गेली होती. शेवटच्या आठवड्यात ती कोणाशीच बोलली नाही. सिंधूताई सांगते, तोंडावर पदर धरून पडून असायची.

बाईंनी ज्ञानकोशात पुढं काही लिहिलं नाही. कॉम्प्युटर फलकनं परत नेला. त्या आता घराच्या मागं मेथी-पालक लावतात, मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवतात, हसतात-बोलतात, आणि त्यांच्यात काही बदललं आहे असं कोणाला वाटत नाही. एवढंच, की अधूनमधून चिखली-बुलडाण्याहून कोणी कॉलेजची पोरं येतात, अर्जुनरावांवर प्रबंध करायचा असतो, कोणी तरी बाईंचं नाव सांगितलेलं असतं. पोरं ओसरीवर बसतात आणि विचारतात, "बाई, ते मूळचे कोण होते हो?"

बाई पदर दातांत धरून उठतात, आत जातात, आणि चहा उकळून उकळून काळा होईपर्यंत चुलीपाशीच उभ्या राहतात.