दूर न बसलेली सून

माझं लग्न आठव्या वर्षी झालं आणि न्हाण आलं तेराव्यात, संक्रांतीच्या सुमाराला. सासर पुण्यात, बुधवार पेठेत. सासरे फडावर, म्हणजे सरकारी दफ्तरात, कारकून. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि मी. माझे यजमान दसऱ्याला निघालेल्या फौजेबरोबर उत्तरेकडे हिंदुस्थानात गेले होते, एका सरदाराच्या पथकात कारकुनी करायला. तोवर आमचं एकमेकांशी धड बोलणंही झालेलं नव्हतं.

न्हाणाचं कौतुक फार झालं. केळीचे खांब लावून मखर केलं, मला हिरवी चोळी आणि नेसूचं दिलं, शेजारणींनी गाणी म्हटली, घरोघरून गोडाची ताटं आली. पुढचे विधी यजमान परत आल्यावर करायचे ठरले. सासूबाईंनी स्वतः साखर वाटली, आणि त्यामुळे आळीतल्या प्रत्येक घराला कळलं की अमक्यांची धाकटी सून शहाणी झाली.

पुढच्या महिन्यात काहीच झालं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही.

आमच्या घरी दूर बसायची जागा मागच्या पडवीत होती. तिथे एक कांबळं आणि पाण्याचा तांब्या. जाऊबाई दर महिन्याला तिथे बसायच्या, आणि त्या बसल्या की स्वयंपाक सासूबाईंकडे यायचा, पाणी मला एकटीला भरावं लागायचं. म्हणजे एका बाईची गोष्ट सगळ्या घराच्या कामात दिसायची. पाणी भरायला हौदावर कोण आलं नाही, यावरून शेजारणींनाही कळायचं. मी मात्र रोज हौदावर जात होते. फाल्गुनात एका शेजारणीने घागर उचलता उचलता सासूबाईंना विचारलं, "धाकटी रोजच दिसते हो पाण्याला. गोड बातमी वाटतं?" आणि मग स्वतःच म्हणाली, "पण मुलगा तर मोहिमेवर आहे ना आपला?"

सासूबाई घागर अर्धीच भरून घरी परतल्या. आल्यावर मला मागच्या दारी नेलं आणि म्हणाल्या, "खरं सांग."

मला काय सांगायचं तेच कळेना. मला वाटलं, माझ्या हातून काही सांडलं असेल किंवा सोवळ्यात शिवाशिव झाली असेल. मी विचारलं, "कशाचं?" मग त्यांनी पुराणाला कोणाबरोबर गेलीस, देवळात किती वेळ होतीस, थोरले दीर घरात एकटे असताना तू कुठे होतीस, असं विचारायला सुरुवात केली. मी सगळ्याची उत्तरं दिली. प्रत्येक उत्तरानंतर त्यांचा चेहरा अधिकच उतरत होता. त्यांना काय हवं होतं ते मला कळत असतं तर मी ते दिलं असतं.

सासूबाई दुष्ट नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. ही गोष्ट फडावर गेली असती तर सासऱ्यांना मान वर करता आली नसती आणि माझं काय झालं असतं ते आळीतल्या लहान पोरीलाही ठाऊक होतं. विटाळ यावा म्हणून त्यांनी तिळाचा काढा सुरू केला, वर मेथीचे कडू लाडू. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, वाताचं कारण सांगितलं आणि पुड्या दिल्या. सुईण आली. तिने पोट चाचपलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि इतक्यात काही सांगता येत नाही म्हणून सुपारी घेऊन निघून गेली. कोणाला काही कळत नव्हतं. आणि माझ्याच देहात काय चाललंय ते मला तर त्यांच्याहून कमी कळत होतं. मी रोज तुळशीपुढे उभी राहून विटाळ मागायचे. ज्या गोष्टीला देवाच्या आसपास फिरकायची बंदी, तीच मी देवाकडे मागत होते.

शेवटी एका सकाळी मी अंगणातून ओरडून सांगितलं की मला कावळा शिवला. आणि पडवीत जाऊन कांबळ्यावर बसले.

घर एकदम हलकं झालं. सासूबाईंनी दुरून वाढलेल्या भातावर तूप जास्त घातलं. सासऱ्यांचा पोथीचा आवाज आतून मोठा ऐकू आला. मी कोरडीच बसले होते, आणि प्रत्येक पावलाच्या आवाजाला अंग चोरत होते. चौथ्या दिवशी मी नदीवर कपडे धुवायला गेले तेव्हा जाऊबाई थोड्या अंतरावर उभ्या होत्या. मी आपटलेल्या वस्त्रातून स्वच्छ पाणी निघालं. त्यांनी ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत सासूबाईंना कळलं होतं.

त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही, हेच वाईट होतं. खोटं बसली म्हणजे लपवायला काहीतरी आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं. पोरीची प्रकृती ठीक नाही, हवापालटाला न्या, असा सासवडला माझ्या वडिलांना निरोप गेला.

वडील गाडी घेऊन आले. दिवे घाट चढताना बैल थांबले म्हणून आम्ही उतरून चाललो. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी एवढंच म्हटलं, "दमलीस तर सांग." मी मान हलवली. बापाला काय सांगणार? त्यांनाही काय विचारता येणार होतं?

घरी पोहोचल्यावर आईने माझ्या पोटावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग ती रडली. तिचा माझ्यावर विश्वास होता, पण विश्वासाने काही सिद्ध होत नव्हतं. आता उपाय एकच होता, माझं पोट बघत बसणं. चैत्र गेला, वैशाख गेला. आई मला न्हाऊ घालताना बघायची, चुलती येता-जाता बघायची. मी जेवण कमी केलं, पोट जरासुद्धा वर दिसू नये म्हणून. फौजेची पावसाळ्याची छावणी तिकडेच पडल्याची बातमी आली. यजमान दिवाळीपर्यंत यायचे नव्हते.

नागपंचमीला मैत्रिणींबरोबर झोक्यावर होते तेव्हा आलं. इतकं आलं की मला उभं राहवेना. आईने तेव्हा मला शिवायचं नसतानाही जवळ घेतलं, आणि मग भानावर येऊन पुन्हा अंघोळ केली. वडिलांनी त्याच दिवशी पुण्याला माणूस पाठवला.

मी परत गेले. कोणी क्षमा मागितली नाही, आणि मागेल असं मला वाटलंही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "ये. पाय धू." पुढच्या महिन्यात पुन्हा काही झालं नाही. पण आता पोट वाढलं नव्हतं हे सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून मला कोणी छेडलं नाही. असं पुढे दोनेक वर्षं चाललं. कधी पंधरवड्यात दोनदा, कधी ऋतू उलटून जाईपर्यंत नाही. मग आपोआप सुरळीत झालं. कशाने बिघडलं होतं आणि कशाने सुधारलं, मला आजही सांगता येणार नाही.

पुष्कळ वर्षांनी, सासूबाई गेल्यावर, जाऊबाई आणि मी परसात शेंगा निवडत होतो. त्या अचानक म्हणाल्या, "मीही बसायचे गं. कोरडी. पहिलं वर्षभर."

मी विचारलं, "मग माझं का सांगितलंत?"

त्यांनी हातातली शेंग मोडली. "तुझं झाकलं असतं, आणि उद्या उघडकीला आलं असतं, तर माझंही खोदून काढलं असतं. मला मूल नव्हतं तेव्हा. मला टाकून दुसरी आणायचं बोलणं घरात चालूच होतं."

मला राग यायला हवा होता. मी तो शोधला, पण सापडला नाही. त्या तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या असतील. दोघी एकाच पडवीत, एकाच कांबळ्यावर कोरड्या बसलो होतो, आधी त्या आणि मागून मी. मी त्यांच्या पुढ्यातल्या शेंगा माझ्या सुपात ओढून घेतल्या, कारण त्यांना आता नीट दिसत नव्हतं.