सिंधूबाईंची दुसरी वाटी

गिऱ्हाइकाच्या तोंडावर जाऊ नये, त्याच्या वाटीवर जावं. ह्ये मी वजनकाट्यापाशी बसून शिकले.

आमचं हॉटेल रांजणगावात, नगर रोडला, एमआयडीसीच्या फाट्याजवळ. दत्ताशेठ आधी चिनी सायबांच्या कँटीनला होते, तिथनं ही टूम घेऊन आले. भिंतीला लांबच्या लांब मांडणी, तिच्यात ट्रे: कोबी, मका, मश्रूम, बटाट्याचे काप, पनीर, उकडलेली अंडी, नूडल्स, नाना तऱ्हेचे पाले. गिऱ्हाइकानं मोठी वाटी घ्यायची, चिमटा घ्यायचा, आन् आवडंल ते आपल्या हातानं भरून माझ्याकडं यायचं. मी वजन करते आन् विचारते, सूप का परतून? तिखट कमी, मध्यम का जाळ? मग वाटी आत थापाकडं जाते. थापा नेपाळचा. त्याच्या रश्श्यातली चिनी मिरी खाल्ली की जिभंला मुंग्या येत्यात. त्या पदार्थाचं चिनी नाव घ्यायला माझी जीभ काय वळत न्हाई. आम्ही म्हणतो निवडीचं हॉटेल.

चिकट माणूस पनीर वर रचतो आन् फुकटात मिळतंय का बघतो. नवीन लग्न झालेली जोडी एकाच वाटीत दोन चिमटे घालती. ह्ये समदं मला बसल्याजागी कळतं. खुटबावच्या सिंधूबाई मात्र कळायला मला लई उशीर लागला, आन् त्याची चुटपूट अजून हाय.

आधी ओळख झाली त्यांच्या पोराची, विश्वजीतची. हितल्याच एका कंपनीत कामाला. खुटबावहून पारगावच्या पुलावरनं, न्हावऱ्यामार्गे गाडीवर रोज जा-ये. घरी तरकारीचं रान, आई राबती, ह्यो सुट्टीला राबतो. दर गुरुवारी जेवायला हितं. बटाटा, मका, दोन अंडी, नूडल्स, सूप, जाळ. आन् काट्यापाशी आला की ठरलेलं, "मावशी, काटा दाबू नका हां!"

"मुडद्या, काटा डिजिटल हाय, दाबू कुठं?" असं मी म्हणायची. आता त्यो शब्द आठवला की माझीच मला चीड येती.

आमच्याकडं पोकचाय पुण्याहून यायचा. पोकचाय म्हंजी चिनी पालक, पांढरा जाड देठ आन् वर हिरवंगार पान. येईस्तवर निम्मा सुकायचा. विश्वजीत एक दिवस शेठना म्हणाला, "मी लावतो की. आमच्या वाफ्यात कोथमीर येती, ह्यो का न्हाई येणार?" बी आणलं, वाफा केला. मला म्हणाला, "मावशी, पहिला पाला मीच खाणार. हितं, तुमच्या काट्यावर घालून. तवर पोकचायला शिवणार न्हाई." आन् पोरगं खरंच शिवंना. घरी पूनमला, म्हंजी त्याच्या बायकोला, दिवस गेल्याले. गडी नुसता हवेत होता.

पाला काढायला आला, आन् त्याच आठवड्यात विश्वजीत गेला. दुपारी लाइट आली म्हणून मोटार चालू करायला धावला. पाय ओले. स्टार्टरच्या पेटीत करंट उतरलेला. वाफ्याच्या कडंलाच पडला, पाठ चिखलात.

दहाव्याला आम्ही हॉटेलातली माणसं गेलो. नदीच्या काठाला पिंड ठेवले. कावळे झाडावर मायंदाळ, पर एक खाली उतरंना. आपल्यात हाय ना, मागं काय राहिलं त्याचा शब्द द्यायचा, मग कावळा शिवतो. चुलता म्हणाला, "पूनमला अंतर देणार न्हाई." न्हाई शिवला. मामा म्हणाला, "तुझं लेकरू आम्ही शिकवू." न्हाई शिवला. ऊन डोक्यावर आलं. मी सिंधूबाईंकडं बघितलं. बाई पिंडाकडं बघत न्हवत्या, खाली मातीकडं बघत होत्या, आन् तोंडाला पदर घट्ट दाबलेला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. लोक पांगले.

पुढच्या गुरुवारी सिंधूबाई गावच्या पोपटरावांच्या छोट्या हत्तीतनं, म्हंजी टेम्पोतनं, पोकचाय घेऊन हजर! पोराचा वाफा त्यांनी काढला, परत पेरला, मोडला न्हाई. दर गुरुवारी माल घालायच्या आन् मग जेवायला बसायच्या. दोन वाट्या भरायच्या. एक आपली, कोबी आन् थोडा मका. दुसरी विश्वजीतची. बटाटा, मका, दोन अंडी, नूडल्स, जाळ. चिमटा पोकचायच्या ट्रेवर जायचा, एक पान उचलायचा, आन् हळूच परत ठेवायचा. प्रत्येक खेपंला. मला वाटलं, पोराला आवडत नसंल. आता कळतं, मी किती येडी!

दुसरी वाटी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं. आईचं काळीज हाय, म्हणून कुणी बोललं न्हाई.

पर एकदा मी नीट बघितलं. दोन्ही वाट्या थापानं एकाच दमात उतरवलेल्या. सिंधूबाईंच्या वाटीतनं वाफ निघत होती. समोरच्या वाटीतनं न्हाई. टेबलावर ठेवायचा अवकाश, तेलाचा तवंग गोठून पांढरा पडला. सिंधूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "सावकाश खा. भाजंल."

बाई गेल्या तशी मी ती वाटी उचलून काट्यावर ठेवली. ग्रॅमभर कमी न्हाई. थापाला म्हणलं, चाख. त्यानं चमचाभर तोंडात घातलं आन् तसाच उभा राहिला. "दीदी, इसमें कुछ नहीं है. नमक भी नहीं." लालभडक रस्सा, त्याच्याच हातचा, आन् पाण्यापरीस अळणी. त्या दिवसापासनं थापा ती वाटी हातानं धुवत न्हाई, चिमट्यानं धरतो.

आणिक एकदा, गुरुवारीच, सिंधूबाई यायच्या आत, गर्दी होती म्हणून एका सुपरवायझरला मी त्या खुर्चीवर बसवलं. टेकतो न टेकतो तोच उठला. "मावशी, खुर्ची ओली हाय की!" मी हात लावला. कोरडी ठणठणीत. पर बोटाला वास आला, नुकतं पाणी सोडलेल्या वाफ्याचा. हॉटेलात असलं बोलायचं नसतं.

मग एका गुरुवारी सिंधूबाई पूनमला घेऊन आल्या. पोरीला सातवा सरत आलेला आन् मनगटं ही अशी, वाळल्या काटकीगत. डॉक्टरला दाखवलं, रिपोर्ट समदे नॉर्मल. पोटातलं वाढंना म्हणून डॉक्टरीण बाई मात्र रागावलेली.

"का गं, जेवत न्हाईस का?" मी विचारलं.

"जेवते की मावशी. पर कशालाच चव न्हाई. मीठ घ्या, चटणी घ्या, माती खाल्ल्यागत. घास फिरतो नुसता तोंडात."

"कवापासनं?"

"हे गेले तवापासनं."

सिंधूबाई तिकडं वाट्या भरत होत्या. चिमटा पोकचायवर गेला आन् परत आला. आज तीन वाट्या. मी त्या टेबलावर नेऊन ठेवल्या आन् तिथंच उभी राहिले. सिंधूबाईंच्या वाटीतनं वाफ. खुर्चीपुढच्या वाटीतनं न्हाई. पूनमच्या वाटीतनं... न्हाई. माझ्या डोळ्यांदेखत तिच्याही वाटीवर पांढरा तवंग धरला.

सिंधूबाईंनी बी बघितलं. त्यांनी पटकन मान फिरवली, आन् त्या मान फिरवण्यातच मला समदं कळलं. दहाव्याला मातीकडं लागलेली नजर कळली. त्यो दाबून धरलेला पदर कळला.

मी त्यांच्या दंडाला धरून मागच्या दारी नेलं, भाजी धुवायच्या हौदापाशी. माझं डोकं सणकलं होतं.

"सिंधूबाई, त्याला काय पाहिजे ते तुम्हाला ठावं हाय. दहाव्याला बी ठावं होतं."

बाईंनी हौदाचा नळ सोडला.

"पहिला पाला मागितलावता त्यानं. समद्या एमआयडीसीनं खाल्ला त्यो पाला! चिनी सायबांनी खाल्ला, मी खाल्ला! आन् ज्यानं पेरला त्यो उपाशी?"

"दिला तर जाईल त्यो, सुलक्षणा." बाईंचा आवाज इतका बारीक, की नळाच्या धारंत निम्मा गेला. "रातीला पडवीत येऊन बसतो. ओल्या मातीचा वास येतो, मला कळतं. तेवढा वास राहिलाय गं माझ्याकडं. त्यो बी सोडू?"

मला रडायला आलं, खोटं कशाला बोलू. पर आत पोरगी बसली होती.

"नका सोडू," मी म्हणलं. "पर भुकेला माणूस कुणाच्या तरी ताटातलं खाणारच. त्यो तुमच्या ताटातलं खाईना, आईच्या ताटाला हात कसा घालंल? बायकोच्या ताटातलं खातोय. आन् तिच्या ताटावर आणिक एक जेवणारं हाय, त्याच्याच रक्ताचं. लेक ठेवा न्हाईतर नातवंड ठेवा. दोघं न्हाई राहायचे."

बोलून गेले आन् जीभ चावली. इतकं तोडून आईला बोलू नये. सिंधूबाई हौदाच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग पदरानं तोंड पुसलं, आन् आत गेल्या.

नवीन वाटी घेतली. बटाटा, मका, दोन अंडी, नूडल्स. चिमटा बाजूला ठेवला. पोकचायच्या ट्रेत हात घातला आन् वरची दोन पानं देठासकट काढली, सकाळीच त्याच्या वाफ्यातनं खुडलेली. वाटी माझ्याकडं आणताना थोडा मका खाली सांडला.

"काट्यावर घाल," म्हणाल्या. "तसंच म्हणलावता त्यो."

मी घातली. "सूप का परतून?" मी विचारलं, कारण ते विचारायला पाहिजेच होतं.

"सूप. जाळ."

थापानं वाटी उतरवली आन् स्वतः घेऊन आला. वाफ निघत होती. भरभरून, पार छताला लागंल इतकी. हॉटेलातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. सिंधूबाईंनी ती उचलली, हाताला चटके बसत असताना, आन् मागच्या दारी, कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवली; मी त्यांच्या मागोमाग. टाकीवर कावळा बसलावता. कवापासनं बसलावता देव जाणे.

"विश्वा, घे बाळा. तुझ्या वाफ्यातला हाय." बाई भिंतीपासनं दोन पावलं मागं सरल्या. "पूनमला सोड आता. मला बी सोड. जा."

कावळा सरळ खाली आला. इकडं न्हाई बघितलं, तिकडं न्हाई बघितलं. पांढऱ्या देठाला धरून पान ओढलं, आन् पारगावच्या दिशेनं उडाला.

तोच आत पूनम किंचाळली. दोघी धावत आत गेलो, तर पोरगी लालबुंद, डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, दोन्ही हातांनी तोंडाला वारा घालतीय.

"आत्या, लई तिखट हाय ओ! जीभ जळाली माझी!" आन् असं म्हणत म्हणत पुढचा चमचा तोंडात.

सिंधूबाईंनी तिला पाण्याचा गिलास दिला, तोंड पुसलं, अंडं फोडून दिलं. मग समोरची खुर्ची मागं ओढली. बसायच्या आधी तिच्यावरनं तळहात फिरवला, इकडनं तिकडं, परत एकदा. हात नाकाला लावून बघितला.

"कोरडी हाय," म्हणाल्या. आन् तिच्यावर बसून पोर गेल्यापासनं पहिल्यांदा मोठ्यानं रडायला लागल्या.